शंभरातले एकोणीस

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४४, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. अपार्टमेंटमधल्या आम्ही नऊ जणी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भिशीला जमतो. गेल्या वर्षीपासून भिशीच्या आधी तासभर पुस्तकांवर बोलतो. मागच्या महिन्यात ग्रुपवर एक यादी आली, 'प्रत्येक मराठी माणसाने वाचायलाच हवीत अशी १०० पुस्तके'. खाली ओळ होती, 'बहुतेकांची मजल १० च्या पुढे जात नाही.' प्रत्येकीने प्रिंट काढून, वाचलेल्यांवर टिक करून आणायचं ठरलं.

घरी मोजलं तर माझी १९ निघाली. म्हटलं, ठीक आहे, दहाच्या पुढे तर आहोत. पण शनिवारी एकेकीचे आकडे ऐकले आणि पोटात गोळा आला. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या एका वहिनींची ८१, बाकीच्यांची पन्नास-साठ. माझी पाळी येईपर्यंत मी कागद मांडीवर धरून खुणा करत सुटले. ५६ सांगितली. त्यात 'कोसला'वरही खूण गेली. वहिनी म्हणाल्या, "अगं वा, मग पुढच्या वेळी 'कोसला'वर तूच बोल."

दुसऱ्याच दिवशी लायब्ररीतून आणली. विसाव्या पानापुढे गाडी सरकत नाही. खरं सांगू का, माझं वाचन म्हणजे आईने लावलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीचं. धारप, सुहास शिरवळकर, व. पु., आणि दिवाळी अंकांचा ढीग. धारपांचं एक पुस्तक तर मी चार वेळा वाचलंय. यातलं यादीत जवळजवळ काहीच नाही. इतकी वर्षं मी स्वतःला वाचणारी समजत होते, ते खोटंच होतं का? पुढच्या भिशीला आजारी पडू, की ग्रुपच सोडू? यादी सोबत पाठवतेय. निळ्या खुणा खऱ्या, काळ्या खोट्या.

एक वाचक, सांगली जिल्हा

*

भिशी सोडू नका. तुमचा नंबर अजून लागायचा असेल तर मुळीच सोडू नका.

आता पुस्तकांचं. तुमची यादी टेबलावर पसरून बसलेय. निळ्या १९, काळ्या ३७, बेरीज ५६. निळ्या खुणा घरी निवांत केलेल्या, सगळ्या एका मापाच्या. काळ्या तिरक्या, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. ६२ व्या नावापाशी तर पेनाचं टोक कागदातून आरपार गेलंय. मांडीवर लिहिलं की असं होतं. त्या दिवशी तुमचं काय झालं असेल ते मला पत्रापेक्षा त्या भोकातून जास्त कळलं.

मी २८ वर्षं तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काढली, शेवटची १२ ग्रंथपाल म्हणून. तिथे एक गोष्ट शिकले, ती प्रशिक्षण वर्गात कुणी शिकवली नव्हती. वाचनालयातलं जुनं पुस्तक मिटलेलंच हातात घ्या आणि त्याची उघडणारी बाजू उजेडाकडे धरा. जेवढी पानं लोकांनी खरंच उलटली तेवढ्यांची कड मळकट, मऊ, किंचित फुगलेली दिसते. वाचणारे जिथे थांबले तिथून पुढे ती स्वच्छ, फार तर वयाने पिवळी पडलेली. आमच्याकडे 'मृत्युंजय'च्या चार प्रती होत्या. चारही पहिल्यापासून शेवटपर्यंत काळ्या, आणि बाइंडिंग किती वेळा करून घेतलं याची गणतीच नाही. उलट गावातल्या मान्यवरांच्या तोंडी कायम असलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, नाव सांगत नाही. त्याची कड पहिल्या बोटभरच मळलेली. मागे चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवर मात्र शिक्के खच्चून. नेलं सगळ्यांनी, आठ दिवसांनी काउंटरवर ठेवून "अप्रतिम आहे हो" म्हणाले सगळे. मी "हो ना" म्हणायचे आणि शिक्का मारायचे.

तेव्हा नऊ जणींत मांडीवर पेन चालवणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, यावर मी काही पैज लावणार नाही. वहिनींच्या ८१ वर शंका घेत नाहीये. शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाची तेवढी सहज होतात. पण खोलीत आकडे मोठ्याने सांगायला लागले की ते वाढत जातात, लिलावासारखे. तुम्ही शेवटच्यांपैकी होतात, म्हणून तुम्हाला बोली जास्त लावावी लागली.

तुमच्या काळ्या खुणाही सगळ्या सारख्या नाहीत. काहींच्या पुढे तुम्हीच बारीक अक्षरात लिहिलंय, 'आजी', 'कॅसेट', 'टीव्हीवर', 'सिनेमा', 'धडा होता'. हे लिहिलंत म्हणून तुमच्यावर जीव जडला. खोटं बोलतानाही पावती ठेवणारी बाई! पतसंस्थेची सवय, दुसरं काय.

'ज्ञानेश्वरी'पुढे 'आजी' असं आहे. म्हणजे आजी रोज वाचायच्या आणि तुम्ही शेजारी शेंगा निवडत ऐकायचात, असं मी धरून चालते. ही खूण मी निळी केली. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या, त्या वर्षानुवर्षं फिरून फिरून वाचायच्या असतात. त्यावर 'वाचून झालं' अशी खूण कोण करणार? ज्या घरात पारायण होतं तिथे कुणी म्हणत नाही की संपली, पुढचं पुस्तक द्या. आणि त्याच यादीत चार रांगा खाली 'रणांगण' आहे, विश्राम बेडेकरांची एवढीशी कादंबरी, रविवारी दुपारी घेतली तर रात्रीच्या जेवणाआधी संपेल अशी. दोन्हीला एकेकच खूण! एकीला जन्म लागतो, दुसरीला एक रविवार.

'बटाट्याची चाळ', 'कॅसेट'. निळी. पु. लं.नी ती चाळ एकट्याने रंगमंचावर उभी केली होती. त्यांच्या आवाजात ऐकून पाठ झाली असेल तर पुस्तकवाल्यांपेक्षा तुम्हीच दोन पावलं पुढे आहात. 'नटसम्राट', 'टीव्हीवर'. तीही निळी. नाटक बघायचंच असतं. १९७० साली ते रंगमंचावर आलं तेव्हा प्रेक्षकांनी डॉ. लागूंना ऐकलं, पुस्तक नंतर उघडलं. अशा पाच काळ्यांच्या मी निळ्या केल्या.

पण 'श्यामची आई'पुढचा 'सिनेमा' मला मान्य नाही. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा मोठाच, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला. तिथे तुम्ही रडलात ते अश्रू अत्र्यांच्या खात्यात जमा होतील, साने गुरुजींच्या नाही. पुस्तक वेगळं आहे. 'बनगरवाडी'पुढचा 'धडा होता' हाही चालणार नाही. एक धडा म्हणजे वाडी नव्हे. त्या काळ्याच राहू द्या.

म्हणजे निळ्या २४, काळ्या ३२. त्या ३२ खोट्या आहेत आणि त्यांचं समर्थन मी करणार नाही. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

आधी त्या शंभरच्या आकड्याची जरा चेष्टा करू द्या. अशा याद्यांचं मूळ शोधत मागे गेलं की एक बँकवाला भेटतो. सर जॉन लबक. बँकर, खासदार, शिवाय मुंग्यांचा अभ्यासक. बँक हॉलिडेचा इंग्लंडातला १८७१ चा कायदा त्याने आणला. १८८६ च्या जानेवारीत लंडनमध्ये कामगारांसाठी चालणाऱ्या कॉलेजात त्याने व्याख्यान दिलं आणि वाचावीत अशी शंभरेक पुस्तकं सांगितली. जिवंत लेखक एकही घेतला नाही. भांडण नको म्हणून असणार, शहाणा माणूस. त्या यादीत कालिदासाचं 'शाकुंतल' होतं, आणि रामायण-महाभारतही होतं, पण एका इंग्रजाने केलेल्या गोषवाऱ्यातून! म्हणजे लबकसाहेबांच्या हिशोबाने तुमच्या आजीने महाभारत 'वाचलेलं' नव्हतंच. यादी वर्तमानपत्रात गाजली. त्या काळचा नामांकित कलासमीक्षक जॉन रस्किन याच्याकडे मत मागितलं तर त्याने सरळ पेन घेऊन नावांवर काट मारायला सुरुवात केली. पहिल्या यादीपासून पहिलं भांडण आहे, ते अजून मिटलेलं नाही.

आणि ती 'बहुतेकांची मजल १० च्या पुढे जात नाही' ही ओळ! तिची थोरली बहीण मी पाहिलीय. काही वर्षांपूर्वी इंग्रजीत अशीच यादी फिरत होती, 'बीबीसीच्या मते बहुतेकांनी यातली फक्त सहाच वाचलेली असतात.' बीबीसीने असं काही म्हटलेलं नव्हतं. बीबीसीचा स्वतःचा लोकमताचा कार्यक्रम २००३ चा, त्यातली यादी वेगळी. ही फिरणारी यादी २००७ साली ब्रिटनमधल्या 'वर्ल्ड बुक डे'ला घेतलेल्या कौलातून आलेल्या शंभराशी जुळते. तिच्यात शेक्सपिअरचं समग्र साहित्य एका क्रमांकावर आणि 'हॅम्लेट' पुन्हा वेगळ्या क्रमांकावर. एका दगडात दोन खुणा. तो सहाचा आकडा कुणीतरी माणसाला डिवचायला घातला, कारण डिवचल्याशिवाय माणूस यादी पुढे पाठवत नाही. तुमच्या यादीतला दहाचा आकडा त्याच गिरणीचं पीठ दिसतं.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही वाचणाऱ्या आहात की नाही?

घरात 'रुचिरा' असेलच. आईची असेल तर फारच उत्तम. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक मिटून त्याची कड उजेडाकडे धरा. चकली-अनारशांपाशी तेलाची रेघ दिसेल, हळदीचा डाग दिसेल, दोन पानं एकमेकांना चिकटलेली असतील. मराठी घरात एवढं वाचलं गेलेलं दुसरं पुस्तक सापडणं कठीण. ते यादीत नाही. कुठल्याच यादीत नसतं. त्यात वाटी-चमच्याचं माप आहे, वाङ्मयीन मूल्य नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

तुमचे धारप, शिरवळकर, व. पु. यांना मी काउंटरच्या या बाजूने पाहिलंय. धारपांच्या भयकथांतल्या समर्थांसाठी मुलं शाळा सुटल्यावर दप्तरासकट धावत यायची. पुस्तक आत नसलं तर चेहरा पडायचा, 'दुसरं चालेल का' म्हटलं तर मान हलायची, नाही. तसा चेहरा मी ज्ञानपीठविजेत्यांसाठी पडलेला फार थोड्या वेळा पाहिला. २०१३ मध्ये 'दुनियादारी'वर सिनेमा आला आणि ज्यांनी तीस वर्षं शिरवळकरांना 'टाइमपास' म्हटलं त्यांच्याच घरातून मुलं ते पुस्तक मागायला आली. आमच्या आधीच्या पिढीत बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराच्या वर रहस्यकथा होत्या. त्यांनी किती जणांना सलग वाचायची सवय लावली असेल! अर्नाळकर वाचून वाढलेलीच माणसं पुढे याद्या करायला बसली आणि अर्नाळकरांना विसरली.

आणि दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरातलं निम्मं वाचन ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतं आणि फेब्रुवारीपर्यंत पुरतं. तुम्ही तीसेक वर्षं सर्क्युलेटिंगच्या वर्गणीत ते वाचलेत. त्यांतल्या कथा, लेख, कविता यांना यादीत जागाच नाही, कारण यादी पुस्तकांची. गंमत अशी की तुमच्या यादीत ११ व्या क्रमांकावर असलेली हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' आधी 'करमणूक' साप्ताहिकात तुकड्या-तुकड्यांनी आली होती. म्हणजे तिचे पहिले वाचक तुमच्यासारखेच, पुढचा अंक कधी येतो याची वाट बघणारे. त्यांच्या वेळी कुणी यादी केली असती तर तिच्यात ती नसती.

तेव्हा वाचणाऱ्या आहात. हे एवढं ऐकायला पत्र लिहिलंत, तर ऐकवलं. पण इथेच थांबले तर मी तुम्हाला नुसती थोपटून झोपवल्यासारखं होईल.

तुमच्या निळ्या खुणा मी परत एकदा खालपर्यंत वाचल्या. 'स्वामी', 'ययाती', 'मृत्युंजय', 'पानिपत', पु. लं.ची दोन, 'आहे मनोहर तरी', आणखी अशीच. राजे, पेशवे, महाभारत, आणि पुण्या-मुंबईची दिवाणखान्यातली माणसं. मग काळ्या वाचल्या. 'फकिरा' काळी. 'बलुतं' काळी. 'उपरा', 'झोंबी', 'जिणं आमचं', सगळ्या काळ्या. यादीचा मला दिसलेला खरा उपयोग एवढाच. ५६ की १९ हे विसरा. निळं कुठे गोळा झालंय आणि काळं कुठे, ते बघा. गावात ४४ वर्षं राहून तुम्ही एका बाजूच्या गल्ल्यांतून कधी गेलाच नाहीत, असं तो कागद सांगतोय. हा दोष तुमचा एकटीचा नाही. सर्क्युलेटिंगवाला पिशवीत जी पुस्तकं घेऊन यायचा त्यांत ती नसायची. पण आता पिशवी तुमच्या हातात आहे.

आणि गल्ली लांबची नाही हो. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. वाटेगाव तुमच्याच जिल्ह्यातलं. शाळा दीड दिवसाची, असं सांगतात, आणि १९५९ साली 'फकिरा' लिहून मोकळा झालेला माणूस. ही तुमच्या हातात सगळ्यांत आधी द्यावी असं मला वाटतं, आणि कारण अगदी साधं आहे. तुम्हाला वेगाची सवय आहे. शिरवळकरांची पानं ज्या वेगाने उलटलीत त्याच वेगाने 'फकिरा' उलटेल. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा मांग समाजातला नायक, घोडा, रात्री, इंग्रज सरकार मागे लागलेलं. हातातून खाली ठेवायची नाही. ठेवल्यावर मात्र बराच वेळ झोप येणार नाही, आणि ते धारपांच्या कारणाने नसेल.

'बनगरवाडी'ही तुमच्याच मुलखातली. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. १९५५ ची, लहानशी. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, कारभारी भेटतो, तालीम बांधतात, आणि शेवटी दुष्काळात वाडी उठते. शाळेतल्या धड्यात तुम्हाला मास्तर भेटला असेल. वाडी उठताना भेटली नसेल.

'बलुतं' तुम्हाला जड जाईल. मला गेलं होतं. दया पवार आणि दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसून बोलतात, गावचा महारवाडा आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती उलगडते. 'वाचायलाच हवं' म्हणून उघडलंत तर दहाव्या पानावर मिटाल. सुट्टीच्या दिवशी, कुणी घरी नसताना घ्या. आणि बेबीताई कांबळे फलटणजवळच्या. दुकानात पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत त्या वाचायला लागल्या. 'जिणं आमचं' त्यांनी नवऱ्यापासून लपवून लिहिलं आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. तुम्ही न वाचलेलं लपवलंत, त्यांनी लिहिलेलं लपवलं. दोघींची गाठ पडायला हवी.

एका वेळी एक. बत्तीसच्या बत्तीस काळ्यांवर वर्षभरात हल्ला चढवू नका. पतसंस्थेत थकीत कर्ज वसूल करता तसं पुस्तकांचं करायचं नसतं.

आता 'कोसला'. ती सोडता येणार नाही, कारण शब्द दिलाय. हे छापून येईपर्यंत तुमच्या हातात दोन आठवडे उरतील. रोज वीस-पंचवीस पानं पडतात. मी काही ती पहिल्या झटक्यात वाचलेली नाही. १९ व्या वर्षी टाकली, २६ व्या वर्षी परत टाकली. तिसऱ्यांदा हातात आली तेव्हा मी ४१ ची होते आणि माझा मुलगा नुकताच पुण्याच्या हॉस्टेलवर गेला होता. खान्देशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर घरचा पैसा उडवतो, बापाशी त्याचं बिनसतं. ते वाचताना मी हॉस्टेलच्या खर्चाची वही काढून बसले होते. तिसऱ्यांदा एका बैठकीत शंभर पानं गेली. पुस्तक तेच होतं. दोनदा माझी वेळ यायची होती.

तुम्ही विसाव्या पानावर अडलात ते त्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'मुळे, बरोबर? डोळ्यांनी वाचलं की ते खड्यासारखे लागतात. मोठ्याने वाचा. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, कुकर लावलेला असू द्या, आणि एक पोरगा समोर ओट्याला टेकून बडबडतोय असं समजून त्याचं बोलणं आपल्या तोंडाने म्हणा. नेमाडे हे लिहीत होते तेव्हा ते स्वतः पंचविशीचे होते, १९६३ ची गोष्ट. पंचविशीतला मुलगा बोलतो तसंच ते आहे, तुटक, वाकडं, हसवता हसवता एकदम गप्प होणारं. चार-पाच पानांत कान तयार होतो. मग धाकट्या बहिणीचा, मनीचा भाग येईल. तिथे मोठ्याने वाचणं आपोआप बंद पडेल. त्याच्याआधी पुस्तक टाकू नका, एवढीच माझी अट. त्याच्यानंतर टाकलंत तरी चालेल, पण टाकणार नाही तुम्ही.

आणि शनिवारी उभ्या राहाल तेव्हा पहिलं वाक्य हे, "मागच्या वेळी मी हिच्यावर टिक केलं तेव्हा ही वाचलेली नव्हती." दुसरं, "आता इथपर्यंत आलेय," आणि बोट घातलेलं पान दाखवा. बस्स. माफी मागत बसू नका, डोळ्यांत पाणी आणू नका, नाही तर सगळ्या तुमची समजूत काढायला लागतील आणि 'कोसला' बाजूला राहील. लगेच पुस्तकावर या. विसाव्या पानावर का अडलात, कुठे सुटलात, तेच सांगा. ज्यांनी ती खरंच वाचलीय त्यांना ते ऐकायला आवडेल, आणि ज्यांनी नाही वाचली त्या फार लक्ष देऊन ऐकतील. कोण लक्ष देऊन ऐकतंय ते बघा मात्र. तुम्हाला बरंच काही कळेल.

खोली फारच शांत झाली तर एक खेळ सुचवा. डेव्हिड लॉज नावाच्या इंग्रज लेखकाच्या १९७५ च्या कादंबरीत तो आहे. प्रत्येकाने आपण न वाचलेल्या पुस्तकाचं नाव सांगायचं. बाकीच्यांपैकी जितक्यांनी ते वाचलंय तितके गुण. म्हणजे जिंकायचं तर ज्याची सगळ्यांत जास्त लाज वाटते तेच नाव काढावं लागतं. त्या कादंबरीत इंग्रजीचा एक प्राध्यापक ईर्ष्येला पेटून 'हॅम्लेट' म्हणतो, खेळ जिंकतो, आणि पुढे त्याची नोकरी जाते. तुमच्या भिशीत नोकरी जायची भीती नाही. फार तर पुढच्या वेळचा वडापाव तुमच्याकडे लागेल.

पहिली मीच खेळते. 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांचं १९६७ चं, चार प्रती, सगळ्यांची कड काळी, असं वर मोठ्या तोऱ्यात सांगितलं ना? त्या काळ्या कडेत माझ्या बोटांचा मळ नाही. २८ वर्षं ते मी लोकांच्या हातात दिलं. "कसं आहे हो?" कुणी विचारलं तर म्हणायचे, "छान आहे, नुकतंच बाइंडिंग करून आणलंय." कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. तुमच्याकडे ते निळ्या खुणेने आहे, ४ थ्या क्रमांकावर. म्हणजे मला तुमच्याकडून शिकायचंय, आणि तुम्ही मला विचारताय भिशी सोडू का म्हणून!

एक राहिलं. एवढं चार पानी पत्र लिहिलंत, पण धारपांचं चार वेळा वाचलेलं पुस्तक कुठलं ते लिहिलंच नाहीत. यादीत नाही म्हणून लाजलात की काय? पुढच्या पोस्टकार्डावर तेवढंच नाव लिहून पाठवा.